पोटातली कळ आणि मेंदूचे चित्र

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, या विकारात पोट वारंवार दुखते, कधी जुलाब होतात तर कधी शौचाला साफ होत नाही. दुर्बिणीतून पाहिले तर आतडे मात्र निरोगी दिसते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढे ऐकून रुग्ण घरी येतो आणि दुखणे तसेच राहते. हे दुखणे खरे आहे, मनाचे खेळ नव्हेत.

मेंदूच्या चित्रणाने त्याचा माग लागला. प्रयोगात माणूस एमआरआय यंत्रात झोपतो. गुदाशयात नळीच्या टोकाला बसवलेला छोटा फुगा हळूहळू फुगवतात आणि मेंदूच्या कोणत्या भागात रक्तप्रवाह वाढतो ते टिपतात. निरोगी माणसाला जेमतेम जाणवणाऱ्या दाबाने आयबीएसच्या अनेक रुग्णांना कळ येते. भावनांशी निगडित भागही त्यांच्यात अधिक जागे होतात. ‘आता फुगा फुगेल’ अशी नुसती सूचना मिळाली, की निरोगी स्त्रियांच्या मेंदूतले वेदनेशी संबंधित काही भाग शांत होतात. रुग्ण स्त्रियांमध्ये ते तितके शांत होत नाहीत.

आतड्याच्या भिंतीत 10 कोटींहून अधिक चेतापेशी असतात. आतडे आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेतले बहुतेक तंतूही निरोप खालून वर, मेंदूकडेच नेतात. 2016च्या ‘रोम 4’ या निदानाच्या निकषांनी अशा विकारांना ‘आतडे-मेंदू परस्परक्रियेचे विकार’ म्हटले, ते योग्यच झाले.

निदानासाठी मात्र मेंदूचा एमआरआय लागत नाही. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर आयबीएस समजून थांबू नये. डॉक्टरांना लगेच दाखवावे.