पाठ लागली, पुढे काय?

दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी बेताचंच आहे, तेव्हा चुका पदरात घ्या. पण हा विषय मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं होतं, कारण तो सुरू झाला आबांच्या एका वाक्यापासून. आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी नायगावच्या आसपासच्या जत्रांमध्ये ते कुस्त्या धरायचे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतली दंगल आणि निलंग्याकडच्या रामलिंग मुदगडचे हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार हे दोन विषय निघाले की त्यांचा चहा हमखास गार होतो. तर त्यांचं वाक्य असं : "पाठ लागली की कुस्ती संपली, बाई."

कुस्तीचा सगळा जीव या एका नियमात आहे. समोरच्याला आसमान दाखवलं, चीतपट केलं, की नारळ आपला. त्यामुळे पैलवान आयुष्यभर एकच गोष्ट टाळायला शिकतो, ती म्हणजे पाठीवर पडणं. पण पाठीवर पडल्यावर काय करायचं हे त्याला कोणी शिकवत नाही, कारण तोपर्यंत कुस्ती संपलेली असते.

माझी मात्र तिथूनच सुरू झाली. फर्स्ट इयरला असताना नांदेडला संध्याकाळी रूमकडे चालले होते. गल्लीतली लाइट गेलेली. मागून कोणीतरी सॅक ओढली आणि मी सरळ पाठीवर. तो वाकला, हातातला मोबाईल हिसकला आणि पळाला. सगळं मिळून दहा सेकंद झाली असतील. लागलं काहीच नाही. पण त्या दहा सेकंदांत मी उलट्या पडलेल्या झुरळासारखी नुसते हातपाय हलवत होते. मोबाईलचं दुःख आठवड्यात गेलं, झुरळाचं काही जाईना. घरी कळल्यावर बाबांनी फर्मान काढलं, "रूम सोड, नायगावहून एसटीने अप-डाउन कर." ज्यांनी अप-डाउन केलंय त्यांना मी काय गमावणार होते ते कळेल. सबमिशन, लायब्ररी, रोबोटिक्स, सगळंच.

त्यानंतर मी एक दिवसाची स्वसंरक्षण कार्यशाळा केली. कुठली ते विचारू नका. डोळ्यात बोटं घाला, गुडघा मारा, मनगट असं फिरवा, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. माझी पार्टनर माझीच रूममेट होती. मी हात फिरवला की ती शहाण्या मुलीसारखी सोडायची. इतका सहकार्य करणारा हल्लेखोर नांदेडात सापडणं कठीण!

पुढे इंटर्नशिपसाठी सहा आठवडे पुण्यात होते. तिथे ऑफिसजवळच ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास निघाला. नाव ब्राझीलचं असलं तरी मूळ जपानचं. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढून ज्यूदो सुरू केला. त्यांचा एक शिष्य मित्सुयो माएदा जगभर कुस्त्या करत 1914 मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि मग त्याच्या धाकट्या भावाने, एलिओने, जमिनीवरच्या लढतीवर भर दिला. एलिओ अंगाने किरकोळ होता, त्यामुळे ताकदीपेक्षा तरफेवर त्याचा विश्वास. 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा त्याचा मुलगा रॉयस याने एका रात्रीत तीन जणांना हरवलं, आणि सगळ्या जगाला ही विद्या माहीत झाली.

कानोंनी केलेली एक गोष्ट आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना विशेष पटावी. जुन्या जुजुत्सूतले जे डाव पूर्ण जोर लावून केले तर माणूस मोडेल, ते त्यांनी मोकळ्या लढतीतून काढून टाकले. म्हणजे विद्या ‘सौम्य’ केली. पण त्यामुळे उरलेले डाव रोज, खऱ्या जोराने, खऱ्या विरोधाविरुद्ध करून बघता येऊ लागले. डोळ्यात बोट घालण्याची प्रॅक्टिस कोणावर करणार? गळ्याला किंवा कोपराला लावलेला डाव मात्र समोरच्याने हाताने थाप मारली की लगेच सोडता येतो. पाच मिनिटांनी परत सुरू. आपल्या भाषेत, प्रत्येक डावाचं लोड टेस्टिंग होतं. कार्यशाळेत नेमकं तेच नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. जिउ-जित्सूचाही आता खेळ झालाय, 2018 च्या जाकार्ता एशियाडपासून तिथेही आहे. त्यात खाली पाडलं तर 2 गुण, समोरच्याचे पाय ओलांडून बाजूला आलं तर 3, छातीवर स्वार झालं तर 4. ठोसे नाहीत, एकास एक लढत, खाली मऊ मॅट. म्हणून खेळाडू पुष्कळदा स्वतःहूनच खाली बसतो आणि पायांनी समोरच्याला अडकवतो. स्पर्धेत हे हुशारीचं आहे. डांबरी रस्त्यावर ते वेडेपणाचं आहे, आणि त्याचा एखादा मित्र शेजारी उभा असेल तर विचारायलाच नको. आमचे पुण्याचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तुला मेडल हवंय की घरी जायचंय ते आधी ठरव." मला घरी जायचं होतं. मग त्यांनी सहा आठवडे मला जिंकण्याचं फार थोडं शिकवलं. शिकवलं ते सुटायचं आणि उठायचं.

समजा कोणी छातीवर बसलंय. आपला पहिला विचार असतो दोन्ही हातांनी त्याला वर ढकलायचं. मी 49 किलोची, तो 80 चा, ढकलून काय होणार? शिवाय हात लांब केले की ते त्याला आयते मिळतात. म्हणून कोपरं अंगाशी घट्ट ठेवायची. आता स्टॅटिक्स आठवा. त्याचे दोन गुडघे, दोन पावलं आणि जमिनीवर टेकवलेले हात हे त्याचे सपोर्ट. गुरुत्वमध्य या सपोर्टच्या आत आहे तोपर्यंत तो पडत नाही. एका बाजूचा हात आपण छातीशी आवळून धरला आणि त्याच बाजूचं पाऊल आपल्या पावलाने बाहेरून अडवलं, की त्या बाजूचे सपोर्ट गेले. मग टाचा नितंबांजवळ आणून कंबर जोरात वर उचलायची आणि त्याच बाजूला खांद्यावरून वळायचं. 80 किलो उचलावे लागत नाहीत, फक्त कलंडवायचे. आणि हे नाही जमलं तर कंबर बाजूला सरकवून, कोळंबीसारखं आकसून, मध्ये गुडघा घालायचा. क्लासमध्ये याला श्रिंप म्हणतात. गुडघा आत आला की पाय आला, पाय आला की अंतर आलं.

अंतराचा नियम तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ठोसा लागतो तो मधल्या अंतरावर. म्हणून एकतर पूर्ण लांब, पाय समोर धरून, नाहीतर पूर्ण चिकटून, त्याची मान खाली ओढून. मध्ये राहायचं नाही. खेळात ठोसे नसल्याने ही सवय लागत नाही, म्हणून ती वेगळी शिकावी लागते.

आणि उठणं. हसू नका, उठायलाही शिकावं लागतं! आपण नेहमी पालथं होऊन, पाठ दाखवून उठतो. तिथेच परत पकडले जातो. बरोबर पद्धत अशी : उजवा हात मागे जमिनीवर, डावं पाऊल जमिनीवर रोवलेलं, डावा हात चेहऱ्यासमोर. कंबर उचलायची, उजवा पाय खालून मागे काढायचा आणि उभं राहायचं. नजर पूर्ण वेळ समोरच्यावर. मग पळायचं आणि ओरडायचं, 112 ला फोन करायचा. झुरळाला एवढंच माहीत असतं तर!

गळ्याचा डाव मुद्दाम शेवटी घेतेय. मागून नीट लावला तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि दहा-एक सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. वाचून रूममेटवर करायचा नाही, शिकवणारा समोर असल्याशिवाय नाहीच. रस्त्यावर तर आणखी एक भानगड आहे. भारतीय न्याय संहितेने (1 जुलै 2024 पासून लागू, कलम 34 ते 44) आपल्याला खासगी बचावाचा हक्क दिलाय, पण बचावाला जेवढी गरज आहे त्याहून जास्त इजा करण्याचा नाही. समोरचा थंड पडल्यावरही गळा आवळून बसलो तर तो बचाव राहत नाही. आणि हातात चाकू दिसला तर मोबाईल, पर्स, सगळं देऊन टाका. चाकूवर खात्रीचा डाव मला कोणी शिकवलेला नाही आणि तसा दावा करणाऱ्यांपासून मी लांबच राहते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा परीक्षा झाली. नांगरलेल्या रानात, मऊ मातीत, आबा बाजेवर बसलेले आणि समोर चुलतभाऊ, 78 किलोचा दादा. त्याला सांगितलं, सोडायचं नाही. पहिल्या खेपेला मी त्याच्याखाली मिनिटभर श्वास घेत पडून राहिले, बस. दुसऱ्या खेपेला तेच. सहा आठवड्यांत माणूस जॅकी चॅन होत नाही. तिसऱ्यांदा कलंडवायला गेले, त्याने हात टेकवून स्वतःला सावरलं, पण त्या नादात त्याची कंबर उचलली गेली आणि माझा गुडघा आत शिरला. पायाने ढकललं, उठले आणि बांधापर्यंत पळाले.

"अगं, पण त्याला चीत कुठं केलीस?" आबा.

"नाही केलं. मी पळाले."

"मग जिंकलं कोण?"

दादा माती झटकत म्हणाला, "आबा, ती घरी पोचली की."

आबांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. पण 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली, तेव्हापासून मुलींच्या कुस्तीबद्दल ते जरा मऊ झालेत. त्यांनी मला पट काढायला शिकवायचं कबूल केलंय. पाठ लागूच नये यासाठी.

अप-डाउनचा निकाल मात्र लागायचाय. बाबा म्हणाले, एक सेमिस्टर बघू. तोवर मी आणि ज्यूदो खेळलेली एक ज्युनिअर, दोघी मिळून मंगळवार आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला जिमखान्यात मॅट टाकतो. ज्यांना यायचंय त्यांनी नखं कापून, बांगड्या-कानातलं काढून या. पहिला महिना फक्त पडणं आणि उठणं, आधीच सांगून ठेवते.