गिटारचें पिकअप आणि कारागिराची मजुरी

मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेकडे निघालें म्हणजे दहिसरच्या पुढें मिरा रोड व भाईंदर हीं स्टेशनें लागतात. २००२ सालीं येथें महानगरपालिका झाली, आणि जेथें एके काळीं मिठागरें व शेतें पसरलीं होतीं तेथें आज उंच इमारतींची दाटी झाली आहे. या इमारतींतील पुष्कळ घरांत एखादी गिटार भिंतीला टेकून उभी असते. कोणाची मुलगी ती महाविद्यालयाच्या संमेलनांत वाजविते, कोणाचा मुलगा गणेशोत्सवाच्या मांडवांत. उत्तन-डोंगरीकडील एखाद्या ख्रिस्ती घरांतून ती चर्चमधील गायनाच्या साथीला जाते. पण दिवाणखान्यांत गोड वाटणारा तिचा आवाज भरल्या सभागृहांत पहिल्या दोन-चार रांगांपलीकडे पोंचत नाहीं. मग तिला पिकअप बसवावें असा विचार निघतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. वस्तु तर दुकानांत आयती मिळते; मग ती बसविण्यासाठीं कारागिराला निराळे पैसे कां द्यावयाचे?

हा प्रश्न कंजूषपणाचा नव्हे. मध्यम स्थितींतील घरांत एका रुपयाला दहा वाटा असतात. म्हणून त्या मजुरीच्या मोबदल्यांत काय मिळतें, हें आधीं समजून घेणें बरें.

गिटारपुढें मायक्रोफोन ठेवला तर आवाज मोठा होतो हें खरें. परंतु वादकाला जागचें हलतां येत नाहीं, आणि कर्ण्यांतून आलेला आवाज पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरून शिटी वाजूं लागते. पिकअप वाद्यावरच बसतें व कंपनाचें रूपांतर विजेच्या लहरींत करतें. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला लोहचुंबकाचा. चुंबकाभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. त्याच्या वर पोलादी तार थरथरली म्हणजे वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. हें तत्त्व मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलें. असें पिकअप गिटारच्या तोंडाशीं, म्हणजे मधल्या गोल भोंकांत, अडकवितां येतें. मात्र नायलॉनच्या तारांवर चुंबकाची मात्रा चालत नाहीं.

दुसरा प्रकार दाबाचा. कांहीं स्फटिकांवर दाब पडला असतां त्यांत वीज उत्पन्न होते, असें झाक व प्येर क्यूरी या बंधूंना १८८० सालीं आढळलें. स्वयंपाकघरांत गॅस पेटविण्याचा जो लायटर ‘खट्’ असा आवाज करून ठिणगी टाकतो, तो याच तत्त्वावर चालतो. गिटारमध्यें या जातीची एक बारीक पट्टी घोडीच्या खांचेत, तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीखालीं घालतात. तारा पोलादी असोत कीं नायलॉनच्या, दाब पडतोच. म्हणून हें पिकअप दोन्हींना चालतें. त्यांतून निघणारी लहर दुबळी पडूं नये म्हणून पुष्कळदां गिटारच्या पोटांत एक लहानसा अँप्लिफायर व ९ व्होल्टची बॅटरी ठेवावी लागते.

खरी कसोटी येथेंच लागते. खांचेचा तळ व हाडाच्या पट्टीची खालची कड हीं दोन्हीं अगदीं सपाट असावीं लागतात. कोठें केसाएवढी पोकळी राहिली तरी सहा तारांपैकीं एक ओरडते व दुसरी कुजबुजते. खालीं पिकअप शिरल्यामुळें हाड तितकेंच वर उचललें जातें. म्हणून त्याची खालची बाजू तेवढीच घासून कमी करावी लागते. कमी घासलें तर तारा उंच राहून बोटें दुखतात, जास्त घासलें तर त्या पडद्यांवर आपटून खरखरतात. मग पिकअपची तार आंत नेण्यासाठीं खांचेच्या टोकाशीं तबलींतून बारीक भोंक पाडावयाचें. तबलीची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, आणि तिच्या खालीं आधाराच्या पट्ट्या चिकटविलेल्या असतात. भोंक नेमकें त्या पट्टीवर आलें तर वाद्य कमकुवत होतें. शेवटीं गिटारच्या बुडाशीं सुमारें १२ मिलिमीटर व्यासाचें भोंक पाडून त्यांत बाहेरची वायर जोडण्याची जागा करतात. उतावळ्या हातानें गिरमिट चालविलें तर तेथील रोगण उडतें, प्रसंगीं लांकूडही चिरतें. जाणता कारागीर आधीं लहान भोंक पाडतो व तें हळूहळू रुंद करीत नेतो.

महाराष्ट्राला हा व्यवहार मुळींच नवा नाहीं. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु त्याच्या कितीतरी आधींपासून गवई लोक आपला तंबोरा जवारी लावण्यासाठीं जाणत्या कारागिराच्या हातीं देत आले आहेत. तेथें नवी वस्तु कांहींच मिळत नाहीं. घोडीचा पृष्ठभाग किंचित् घासला जातो एवढेंच. पण त्यानें तंबोरा बोलूं लागतो. कोठें थांबावयाचें हें ज्याला कळतें त्याला ती मजुरी मिळते. गिटारचेंही तसेंच आहे. लांकूड एकदां कापलें कीं तें पुन्हां जोडून पूर्ववत् होत नाहीं. आणि वडिलांनीं किंवा मामांनीं दिलेली गिटार असेल, तर बाजारांत दुसरी विकत मिळूनही ती भरून येत नाहीं.

तथापि प्रत्येकानें हा खर्च करावाच असें नाहीं. जी गिटार घरांतच वाजते तिला पिकअपची गरज नाहीं. जिची किंमत पिकअप व मजुरी यांच्या बेरजेहून कमी आहे, ती तशीच ठेवून पुढेंमागें पिकअप बसविलेली दुसरी घेणें शहाणपणाचें. वर्षांतून एखाददुसऱ्या कार्यक्रमापुरती गरज असेल, तर गोल भोंकांत अडकविण्याचें चुंबकाचें पिकअप पुरतें. त्यासाठीं लांकूड कापावें लागत नाहीं, आणि तें घरींही बसवितां येतें. कडेला कळांची पेटी बसविण्याचा आग्रह मात्र विचारपूर्वक मान्य करावा, कारण तिच्यासाठीं गिटारच्या पातळ कुशीला मोठी चौकोनी खिडकी पाडावी लागते.

कारागिराकडे गिटार देतांना कांहीं गोष्टी आधींच ठरवाव्या. पिकअपची किंमत व मजुरी निरनिराळी लिहून घ्यावी. भोंकें कोठें व किती पडणार हें बोट ठेवून दाखवावयास सांगावें. जुनें हाड न घासतां नवें घालावें व जुनें परत मागावें, म्हणजे पुढें कधीं पिकअप काढलें तर तें कामास येतें. गिटार परत घेतांना ती अँप्लिफायरला जोडून साही तारा एकेक करून ऐकाव्या. मोठेंपण सारखें वाटलें तरच पैसे चुकते करावे.

भाईंदरच्या उत्तरेस खाडी व उत्तनच्या पश्चिमेस समुद्र असल्यामुळें तेथील हवा दमट व खारट असते. पावसाळ्यांत लांकूड फुगून तबली किंचित् वर येते व तारांची उंची बदलते. म्हणून शक्य तर हें काम कोरड्या दिवसांत करून घ्यावें, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदां तपासून देण्याचें वचन कारागिराकडून घ्यावें. वाजविणें संपलें कीं वायर काढून ठेवावी, कारण ती जोडलेली राहिली तर बॅटरी चालूच राहून संपते. आणि गिटार महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर बॅटरीही बाहेर काढावी. एवढी काळजी घरच्यांनीं घेतली, तर कारागिराला दिलेले पैसे वर्षानुवर्षें कामीं येतात.