शेवटाकडून सुरू होणारी गोष्ट : प्रेक्षक का गोंधळतात आणि वर्गात त्याचा काय उपयोग?



'घटनाक्रम लावा' हा प्रश्न आपण अगदी लहान वर्गांपासून देतो. वाक्यं मागेपुढे केलेली असतात, मुलांनी ती क्रमाने लावायची. काही मुलांना हे जमत नाही आणि आपण पटकन म्हणून जातो, "याला गोष्ट कळलीच नाही." पण हाच प्रश्न मोठ्या माणसांना घातला तर काय होतं? एका गुन्हेपटाने तो खरोखरच घातला होता. त्यावर प्रेक्षक कसे वागले ते पाहिलं, की आपल्या वर्गातल्या गोंधळलेल्या मुलाकडे आपण वेगळ्या नजरेने बघू.

चित्रपट कसा आहे?

चित्रपटाचं नाव 'मेमेंटो', वर्ष २०००, दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन. (पुढे कथेतल्या काही गोष्टी उघड होणार आहेत, पाहायचा असेल तर आधी पाहून घ्या. चित्रपट मोठ्यांसाठीचा आहे, मुलांना दाखवू नये.)

नायक लेनर्ड आपल्या पत्नीच्या खुन्याला शोधतोय. डोक्याला मार लागल्यामुळे त्याच्या मेंदूत नवीन आठवण टिकत नाही. थोड्या वेळापूर्वी काय झालं तेही तो विसरतो. म्हणून तो फोटो काढतो, चिठ्ठ्या लिहितो, अंगावर गोंदवून घेतो.

गोष्ट दोन धाग्यांनी सांगितली आहे. कृष्णधवल प्रसंग सरळ पुढे जातात आणि रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात. पहिल्याच दृश्यात खून होतो. त्यानंतरचा प्रत्येक रंगीत प्रसंग त्याच्या आधी काय घडलं ते दाखवतो. म्हणजे 'मारलं कोणी' हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. 'का मारलं' हे मात्र शेवटी कळतं.

प्रेक्षकांचं काय झालं?

मोठ्या वितरकांनी चित्रपट पाहिला, पण अमेरिकेत तो प्रदर्शित करायला ते तयार झाले नाहीत. शेवटी निर्मिती कंपनीनेच तो २००१ मध्ये तिथे थिएटरात आणला. लोकांनी तो उचलून धरला आणि पटकथा व संकलनासाठी त्याला ऑस्करची नामांकनंही मिळाली. कोणी गोंधळून वैतागलं, कोणी पुन्हा तिकीट काढून गेलं, कोणी कागदावर प्रसंगांचा क्रम मांडत बसलं. प्रसिद्ध समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तो दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा कथानक जास्त कळलं, पण त्यामुळे अनुभव काही जास्त समृद्ध झाला नाही आणि प्रेक्षकाने गोंधळणं हेच इथे अपेक्षित आहे, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं.

२०१७ मध्ये बीबीसीने 'रेलिक' ही सहा भागांची गुन्हेमालिका आणली. 'किलर' या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटी लिहिली की हे नाव तयार होतं. तीही शेवटाकडून सुरुवातीकडे जाते आणि तिच्याबद्दलही अशीच दोन टोकांची मतं होती.

गोंधळ का होतो?

सरळ गोष्टीत आपला प्रश्न असतो, "पुढे काय?" उलट्या गोष्टीत तो होतो, "असं का?" दुसरा प्रश्न जड आहे. कारण परिणाम आधी दिसतो, तो मनात धरून ठेवायचा, नंतर कारण कळलं की मागे जाऊन आपलं मत बदलायचं.

'मेमेंटो'मधलंच उदाहरण घ्या. नॅटली नावाची बाई तोंडावर जखमा घेऊन येते. एका माणसाने मारलं असं सांगते. आपल्याला तिची दया येते. त्यानंतरचा, म्हणजे काळाने आधीचा, प्रसंग येतो आणि कळतं की तिने मुद्दाम लेनर्डला डिवचलं, त्यानेच तिला मारलं आणि तो हे विसरेपर्यंत ती बाहेर गाडीत बसून राहिली. आपली दया क्षणात संशयात बदलते. प्रसंग तेच, पण क्रम सरळ असता तर आपल्याला हा धक्का बसलाच नसता.

इथे एक बारकावा आहे. प्रत्येक रंगीत प्रसंगाचा शेवट आधी पाहिलेल्या प्रसंगाच्या सुरुवातीला येऊन टेकतो. तोच क्षण आपल्याला पुन्हा दिसतो. हा दुवा ठेवला नसता तर प्रेक्षक पूर्ण हरवला असता.

वर्गात काय करता येईल?

'तहानलेला कावळा' ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट घ्या.

१. शेवटचं चित्र फळ्यावर लावा : कावळा पाणी पितोय. विचारा, "हे कशामुळे शक्य झालं?"

२. मुलं मागे मागे जातील. पाणी वर आलं, कारण खडे टाकले. खडे टाकले, कारण चोच पोहोचत नव्हती. चोच पोहोचत नव्हती, कारण पाणी तळाशी होतं.

३. एखादं मूल म्हणेल, "खडे टाकले, कारण कावळा हुशार होता." उत्तर चूक म्हणू नका. "पण खडेच का टाकले?" एवढंच विचारा.

४. आता तीच साखळी 'म्हणून' वापरून सरळ सांगायला लावा. 'कारण' आणि 'म्हणून' ही उभयान्वयी अव्ययं व्याख्या पाठ न करता समजतात.

५. वाक्यपट्ट्या देताना प्रत्येक पट्टीत आधीच्या पट्टीतला एखादा शब्द ठेवा. हाच तो दुवा. ज्यांना क्रम लावणं जमत नाही त्यांना या आधाराची गरज असते.

सरळ गोष्ट सांगताना मूल "आणि मग... आणि मग..." करत शेवटपर्यंत जातं. त्याला ती पाठ असते, पण कळली आहे की नाही ते आपल्याला समजत नाही. उलट सांगताना पाठांतर कामाला येत नाही, कारण शोधावंच लागतं. मात्र ओळखीची, छोटी गोष्ट असेल तरच हे करा. नवीन पाठ आधी सरळच शिकवा.

पालकांनो, घरी मूल शाळेतली भांडणाची हकिगत शेवटापासून सांगतं : "बाईंनी मला बाहेर उभं केलं!" तेव्हा "नीट पहिल्यापासून सांग" असं लगेच म्हणू नका. "त्याच्या आधी काय झालं?" असं विचारत एकेक पायरी मागे जा. खरं कारण बहुतेक वेळा तीन-चार पायऱ्या मागे सापडतं.

क्रम उलटा झाला की चांगले जाणते प्रेक्षकही "थांबा, मग ते आधी झालं होतं का?" असं विचारतात. हा प्रश्न म्हणजे न कळणं नव्हे, ते कळायला लागल्याचं लक्षण आहे. आपल्या वर्गातल्या मुलाने तो विचारला, तर त्याला तेवढा वेळ देऊया.

उपक्रम करून पाहिलात तर अनुभव जरूर कळवा.