पथ्य आणि पंगत

चतुर्थीला गोमंतकातली मूळ घरे भरतात. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला वा परमुलखी गेलेले भाऊबंद एका माटोळीखाली जमतात आणि अनेक बिऱ्हाडांची पाने एकाच पंगतीत मांडली जातात. मात्र या पंगतीतून एखादे वडीलधारे माणूस हळूच नाहीसे होताना आम्ही पाहतो. ‘काकांना बरे नसते, ते घरीच जेवतात’ एवढे सांगितले की चौकशी संपते. काका काही अंथरुणाला खिळलेले नसतात. त्यांना मधुमेह असतो, आणि दर वर्षी साऱ्या गोतावळ्यापुढे त्याची कैफियत मांडण्याचा त्यांना वीट आलेला असतो.

असे काका आता घरोघरी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला ठरला. देशाची सरासरी शेकडा ११.४, तर गोव्यातील प्रौढांत हे प्रमाण शेकडा २६.४. (इतर कशात पहिला क्रमांक मिळता तर एव्हाना सत्कार-समारंभ उरकले असते!) म्हणजे चार पानांमागे एक पान पथ्याचे, असा हा हिशेब आहे. तरीही आमच्या वाढण्याच्या रीतीत तसूभरही फरक पडलेला नाही.

आग्रह हा आमच्या आदरातिथ्याचा प्राण, हे खरे. परंतु ‘एका नेवरीने काय होणार आहे?’, ‘सणाच्या दिवशी काही बाधत नाही’, ‘पातोळ्यांत गूळ आहे हो, साखर नव्हे’ ही वाक्ये प्रेमाची असली तरी ऐकणाऱ्याची कोंडी करतात. खावे तर अपाय, नको म्हणावे तर अपमान. शिवाय गुळाबद्दलचा समज निखालस चुकीचा आहे. रक्तातील साखर गुळानेही वाढते. मूत्रपिंडाच्या रोग्यापुढे पौष्टिक म्हणून शहाळे धरणारेही भेटतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि तेच अशा अनेक रोग्यांना वर्ज्य असते.

याहून गंभीर गोष्ट वेळेची. पूजा लांबते, आरत्या लांबतात, नैवेद्य दाखवीपर्यंत दुपारचे दोन-अडीच वाजतात. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणारा माणूस तोवर उपाशी राहिला तर त्याची साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे भरकटते. अशा वेळी तो शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून त्याला तत्काळ पाजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. ज्याला आयुष्यभर साखर नको म्हणून सांगितले, त्याला त्या घटकेस साखरच औषध ठरते, हे घरातल्या एका तरी माणसास ठाऊक हवे.

नैवेद्याआधी खाल्ले तर देव कोपेल, अशी धास्ती कोणी बाळगू नये. व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी आमच्या शास्त्रकारांनी सांगितल्या, त्यांत पाणी, कंदमुळे, फळ, दूध यांच्या जोडीला औषधही आहे. शास्त्र जेथे सैल होते तेथे सासुरवाडीने ताठ का राहावे?

आणि पथ्य म्हणजे रिकामे पान नव्हे. गुळाचा हात आखडता घेतला तर खतखते, मुगागाठी, तवशाची कोशिंबीर, सोलकढी यांतले बरेचसे मधुमेह्याच्या पानात बसते. भाताची मूद तेवढी लहान हवी. त्यासाठी वेगळी चूल मांडावी लागत नाही. वेगळे ताट तर मुळीच नको. ते आले की पंगतीत बसूनही माणूस पंगतीबाहेरच राहतो. वाढप्याने एकदा विचारावे आणि ‘पुरे’ म्हटल्यावर पुढे सरकावे. बोलावणे करतानाच काकांची जेवणाची वेळ आणि गोळी कोणती ते विचारून ठेवले, तर त्यांचे पान आरतीआधी वाढता येईल. आरतीला टाळ वाजवायला ते मोकळेच असतील.