मानसिक आरोग्याचे सरकारी आकडे : कोण मोजते आणि काय मोजते?

मध्य प्रदेशात मानसिक आजार असलेल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे ९१ जणांना उपचार मिळत नाहीत. हा आकडा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात उद्धृत होण्यापूर्वी तो कोणी आणि कोणाला विचारून काढला, हे अध्यापकाने जाणून घेणे आवश्यक आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. मध्य प्रदेशातील काम भोपाळच्या एम्सने पाहिले. त्या बारा राज्यांत दर शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. एवढे विस्तृत काम एखाद्या विद्यापीठाला स्वबळावर झेपणारे नाही. ते शासनालाच करावे लागते. आपल्याच आरोग्यसेवेची उणीव दाखवणारे आकडे शासकीय संस्थेने प्रसिद्ध केले, ही जमेची बाजू होय.

तथापि मर्यादाही आहेत. नमुना राज्याचे प्रमाण काढण्यासाठी निवडलेला होता. त्यामुळे ‘बुऱ्हाणपुरात ९१ टक्के’ असे लिहिणे चुकीचे ठरते. इतवाऱ्यातील यंत्रमाग कामगारांची स्थिती त्यातून वेगळी कळत नाही. महाराष्ट्र तर त्या बारा राज्यांत नव्हताच. सीमेपलीकडील रावेरचा अभ्यास करणाऱ्यास या सर्वेक्षणात राज्याचाही आकडा सापडणार नाही. शिवाय मुलाखती घरोघरी जाऊन घेतल्या गेल्या. जे घरात नव्हते, म्हणजे फुटपाथवर, मनोरुग्णालयात किंवा दर्ग्याच्या आवारात महिनोन् महिने राहत होते, ते त्या टक्केवारीत येत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीला रुग्ण घेऊन जाणारी कुटुंबे आपल्या भागाला अपरिचित नाहीत.

आत्महत्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. येथे दोन सरकारी यंत्रणा मोजतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पोलीस ठाण्यांतील नोंदी एकत्र करतो. त्यानुसार २०१० मध्ये देशात सुमारे १ लाख ३५ हजार आत्महत्या झाल्या. दुसरीकडे महानिबंधक कार्यालयाचे कर्मचारी नमुन्यातील घरी जाऊन मृत्यू कसा झाला हे कुटुंबियांना विचारतात आणि दोन डॉक्टर स्वतंत्रपणे कारण ठरवतात. या पद्धतीच्या माहितीवरून २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झालेला २०१० चा अंदाज १ लाख ८७ हजार होता. सुमारे ५२ हजारांचा हा फरक येतो कोठून? पोलिसांसमोर कुटुंब खरे कारण सांगण्यास कचरते, बदनामीला भिते. त्या काळी आत्महत्येचा प्रयत्न हाही दंडविधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याची धार बोथट केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरले नाही. २०२२ साली पोलीस नोंदींत १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत. ही संख्या किमान समजावी, पूर्ण नव्हे.

मग जिल्ह्याची माहिती कोण गोळा करणार? लहान प्रमाणावर महाविद्यालये करू शकतात. पण प्रश्नावली हाती देऊन विद्यार्थ्यांना गल्लीत पाठवणे म्हणजे संशोधन नव्हे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची केवळ मुलाखत घ्यायची असली तरी तिची मुक्त व माहितीपूर्ण संमती लागते. घरातील मोठ्यांनी ‘विचारा, विचारा’ म्हटले म्हणून ती मिळाली असे होत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नीतिसमितीची मंजुरी आधी घ्यावी. सून सासूसमोर खरे बोलणार नाही, तेव्हा एकांताची सोय पाहावी. नावे उत्तरपत्रिकेवर लिहू नयेत.

मुलाखतीत कोणी जीव देण्याची गोष्ट काढली तर प्रश्न तेथेच थांबवावेत, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि मार्गदर्शक अध्यापकाला लगेच कळवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी छापलेला असावा.