आधी घाट उतरा : बुलढाण्याच्या दूरच्या वाटा

बुलढाण्यात लांबच्या सहलीचं बोलणं पूर्वी एकाच गोष्टीपासून सुरू व्हायचं : घाट कुठून उतरायचा? मलकापूर गाठायचं तर राजूर घाट, खामगावला जायचं तर बोथ्याचा. रेल्वे खाली, कापसाचा मोठा बाजार खाली, हजिरा ते कोलकाता जाणारा महामार्गही खालीच. खामगावला जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली, कापसासाठी. घाटावरच्या चिखली-मेहकरला अजून रूळ दिसलेले नाहीत, आणि खामगाव–जालना मार्गाची मागणी शतक उलटलं तरी मागणीच आहे. घाटावरचा आणि घाटाखालचा अशी जी विभागणी आपण रोज बोलतो, ती प्रवासाच्या स्वप्नांतही उतरली होती.

१९५६ पर्यंत जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. मोठ्या कामाला माणूस पूर्वेकडे जायचा. राजधानी मुंबई झाली तसं तोंड पश्चिमेकडे वळलं, आणि माझ्या मते समुद्र आपल्याकडच्या बेतात आला तो त्यानंतरच. शाळेची सहल लाल एसटीने अजिंठा-वेरूळला जायची, शेगाव-लोणारला जायची. गणपतीपुळ्याला गेलेल्या मुलाभोवती मात्र वर्ग गोळा व्हायचा. मोठी माणसं ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास काढायची आणि स्टँडवरच्या वेळापत्रकाखाली उभं राहून मुक्काम ठरवायची. सोबत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी.

बेत ठरवणारा खरा मालक मात्र वेगळाच होता : पीक. कापूस वेचून, विकून हातात पैसा येईपर्यंत थंडी सरत आलेली असे. मग उरायचा मे महिना, आणि मे महिन्यात जैसलमेरला कोण जाईल? वाळवंट आपल्या यादीत इतकी वर्षं नव्हतं, त्याचं कारण अंतरापेक्षा हे अधिक होतं, असं मला वाटतं. सोयाबीन पसरलं आणि दिवाळीच्या सुमारास थोडा पैसा मोकळा होऊ लागला. तोवर दारात जीप, सुमो आल्या होत्या. मुक्ताईनगरहून बुऱ्हाणपूर, असीरगडाच्या पायथ्याने खंडवा, ओंकारेश्वरच्या अलीकडे नर्मदा, भेरूघाट चढून इंदूर. पुढे नीमच, उदयपूर, जोधपूर. या वाटेवर वाळू दिसण्याआधी सातपुडा, विंध्य आणि अरवली अशा तीन रांगा ओलांडाव्या लागतात. विमानाने जयपूरला उतरणाऱ्याला हे सुख नाही.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि घाट उतरण्याची अट संपली. मेहकर, सिंदखेडराजा ही नावं आता महामार्गाच्या पाट्यांवर आली. ५ जून २०२५ ला इगतपुरी–आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला. ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सकाळी मेहकरहून निघालेली गाडी उजेड असताना भिवंडीजवळ पोहोचते, दुसऱ्या दिवशी कोकण. घाटावरच्या माणसाला हे किती वर्षं उशिरा मिळालं, हे विसरू नये. आणि १ जुलै २०२३ ची पहाटही विसरू नये. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे खासगी बस पेटून २५ माणसं गेली. सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्रीचा टप्पा ठेवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

या वेगात बेतातून गळाला तो आपलाच जिल्हा. उत्तरेला जळगाव जामोद-संग्रामपूरकडे सातपुडा आणि अंबाबरवाचं जंगल. त्याखाली पूर्णेचा खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी तोंडात घालवत नाही. मग घाट, अजिंठ्याची रांग, ज्ञानगंगा अभयारण्य. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटर भटकून डिसेंबर २०१९ मध्ये याच जंगलात येऊन राहिला होता. आणि दक्षिणेला लोणार : बेसॉल्टमध्ये उल्केने पाडलेलं पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, आत खारं सरोवर. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी ते रामसर स्थळ ठरलं. डोंगर, मीठ आणि खारं पाणी शोधायला आपण हजार किलोमीटर जातो, हे चांगलंच आहे. पण सुरुवात इथून व्हावी.

पाणीही तेच सांगतं : दोन्ही समुद्रांच्या वाटा इथूनच सुरू होतात. पैनगंगा बुलढाण्याजवळ उगम पावते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळते. घाटाखाली पडलेला पाऊस पूर्णेतून तापीत आणि सुरतेपाशी अरबी समुद्रात जातो.

म्हणून आता कुणी बेत विचारला तर मी थंडीतला सांगतो. पहिल्या दिवशी लोणार पाहून बुलढाण्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी बोथ्याच्या घाटाने उतरून खारपाणपट्टा ओलांडायचा, जळगाव जामोदला सातपुड्याच्या पायथ्याशी थांबायचं. तिथून बुऱ्हाणपूर, इंदूरमार्गे राजस्थान. परतताना उदयपूरहून अहमदाबाद, सुरत, आणि तापीच्या मुखाशी समुद्र. मग धुळे, जळगाव, मलकापूर; आणि शेवटी राजूर घाट, दिवसा चढायचा.