भजनाकडून रागाकडे : संगीत परीक्षेची पूर्वतयारी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील शेवगाव तालुक्यात शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच मुलाच्या कानावर पखवाज आणि पेटी पडलेली असते. हरिनाम सप्ताहात टाळ धरून उभा राहिलेला असा विद्यार्थी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेस बसतो, तेव्हा त्याच्यापाशी लय असते, धीटपणाही असतो. उणीव असते ती शास्त्राच्या शिस्तीची.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९३१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, शिष्यांनी हे मंडळ उभारले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षा आजही एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या दोन सत्रांत होतात.

पहिली अडचण पट्टीची. भजनात सर्वांबरोबर उंच स्वरात गाण्याची सवय जडते. परीक्षेत मंद्र पंचमही स्पष्ट लागावा लागतो. म्हणून आपली पट्टी गुरूंकडून निश्चित करून घेऊन, पेटीऐवजी तंबोऱ्यावर रोज षड्जसाधना करणे इष्ट होय.

दुसरी अडचण तालाची. भजनी ठेका आठ मात्रांचा, तर त्रिताल सोळा मात्रांचा. त्यामुळे नवव्या मात्रेवरील काल हातातून निसटतो. दुगुण म्हणताना तर मूळ लयच वाढते. वास्तविक हाताची गती तीच राहून एका आवर्तनात बोल दोनदा यावयास हवेत. हा सराव घड्याळाच्या ठोक्यावरही करता येतो.

रागाची माहिती केवळ पाठ करून भागत नाही. भूप आणि देशकार या दोहोंत मध्यम-निषाद वर्ज्य, स्वरही तेच. परंतु भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. एक रात्रीच्या प्रथम प्रहरी गातात, दुसरा सकाळी. वादी शब्दाने सांगणारा विद्यार्थी आलापात त्या स्वरावर थांबत नसेल, तर परीक्षकाच्या ते तत्काळ ध्यानी येते.

दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलेसाठी सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून परीक्षार्थींना निराळीच घाई झालेली दिसते. दोन महिन्यांत बंदिशी घोकून प्रमाणपत्र मिळेलही. पण मध्यमेच्या बड्या ख्यालाशी गाठ पडली की हा पाया डळमळतो.

परीक्षेच्या आदल्या रात्री गावच्या सप्ताहात चाल म्हणण्याचा आग्रह होतोच. तो नम्रपणे नाकारावा. बसलेला घसा सकाळपर्यंत सुटत नाही, आणि केंद्रावर पोहोचण्यासाठी पहाटेची एस. टी. गाठावयाची असते.